पंचनामा आधी झाला, माळवद नंतर पडलं : ४,००० की १,२०,०००?

सीनाकाठ | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. इथं सोलापूर जिल्ह्यातली बरीच माणसं आहेत, त्यात बांधकामातली आहेत आणि सरकारी नोकरी केलेलीही आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचं गाव सीनेच्या काठावर. घर आजोबांनी बांधलेलं, सहा खणांचं माळवद, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छत; दोन तुळयांमधला भाग म्हणजे एक खण. दोन हात रुंदीच्या भिंती, खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीचं काम, सागवानी तुळया. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीना आली तेव्हा घरात छातीइतकं पाणी होतं. तीन दिवस आम्ही शाळेत होतो. पाणी उतरल्यावर परत आलो तर घर उभं. आई उंबऱ्यावर बसून रडली. सगळं गेलं पण घर राहिलं, असं म्हणत होती.

दुसऱ्याच दिवशी पंचनाम्याला माणसं आली. पडवीची भिंत आणि न्हाणी पडली होती, तेवढी लिहिली. "कच्चे घर, अंशतः पडझड." फोटो काढला, माझी सही घेतली. त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही, त्या दिवशी जे दिसत होतं ते त्यांनी लिहिलं. पण आठव्या दिवशी पहाटे मागची भिंत बाहेरच्या अंगाला कोसळली आणि तिच्याबरोबर दोन खणांचं माळवद खाली आलं. आम्ही गोठ्यात झोपत होतो म्हणून वाचलो. आणखी चार दिवसांनी मधल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली, आत पंजा जातो एवढी. आता घरात कुणी पाय ठेवत नाही.

यादीत आमच्या नावापुढं ४,००० आहेत. घर पूर्ण पडलं असं लिहिलं असतं तर १,२०,००० आले असते. मधे कुठलीच पायरी नाही. गावात माझ्यासारखी आणखी अकरा घरं आहेत, सगळी माळवदाची, सगळी पूर ओसरल्यावर पडलेली.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फेरपंचनामा होतो का, आणि त्यासाठी नेमकं काय लिहायचं? आणि १,२०,००० मिळालेच तर त्यात किती घर उभं राहतं?

उजनी_बॅकवॉटर | ९ नोव्हेंबर, रात्री १०.०५

आधी तुमची माणसं वाचली हे फार बरं झालं. त्या घरात सामान काढायलासुद्धा जाऊ नका. तुळई मोकळी झाली की माळवदाची माती एकदम येते. एका खणावर किती टन माती असते याचा अंदाज लागत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झालो. पूर, गारपीट, वादळ, सगळ्यांनंतरची घरं पाहिली आहेत. नियम सांगतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांवरून महाराष्ट्र शासनाचा २७ मार्च २०२३ चा निर्णय आहे, त्यातले दर असे आहेत. पूर्ण नष्ट झालेलं घर, पक्कं असो की कच्चं, सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,०००. अंशतः पडझड, म्हणजे किमान १५ टक्के, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. झोपडीला ८,०००. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. यापूर्वीच्या निकषात पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० आणि कच्च्या घराच्या अंशतः पडझडीला ३,२०० होते. आकडे वाढले, पण तुम्ही म्हणता ती मधली दरी तशीच राहिली. १५ टक्के पडलं तरी ४,००० आणि ६० टक्के पडलं तरी ४,०००.

म्हणून सगळा खेळ त्या एका शब्दावर आहे, "अंशतः" की "पूर्णतः". घराच्या चारही भिंती जमिनीला टेकल्या पाहिजेत असं मात्र नाही. राहण्यायोग्य उरलं नाही आणि दुरुस्तीनं उभं राहणार नाही, असं बांधकामाच्या अभियंत्यानं पाहून लिहून दिलं तर मांडणी करता येते. तुमच्या घराची मागची भिंत गेली, मधली फाटली, दोन खण खाली आले. उरलेले चार खण त्याच मधल्या भिंतीवर टेकलेले असणार. हे कागदावर आलं पाहिजे.

अर्ज तहसीलदारांच्या नावे करा. त्यात "रक्कम वाढवून मिळावी" असं लिहू नका, तो अर्ज तिथंच बाजूला पडतो. "अमुक तारखेच्या पंचनाम्यानंतर अमुक तारखेला त्याच पुराच्या पाण्यामुळे पुढील पडझड झाली, तिची स्थळपाहणी करून प्रवर्ग दुरुस्त करावा" असं लिहा. तारखा महत्त्वाच्या. सोबत फोटो, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घरपट्टीच्या नोंदीचा) उतारा, वीजबिल, शेजारच्या दोघांचे जबाब. आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. पहिल्या पंचनाम्याची प्रत दिली नाही तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात मागा.

आणि अकरा घरं असतील तर अकराही जणांनी वेगवेगळे अर्ज द्या, पण एकाच दिवशी. एकच सामायिक अर्ज दिला तर त्याचं एकच उत्तर येतं.

चादरगल्ली | ९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

दादा, वाचून जीव कासावीस झाला. माझं माहेरही सीनेकाठचंच. काकांनी फोटो म्हटलंय, त्यात एक भर घालते. आमच्या भावानं पडलेली माती आणि दगड आठवड्याभरात उचलून टाकले, लहान लेकरं आहेत, साप-विंचू निघत होते, कोण ठेवणार ढीग तसाच? नंतर पाहायला आलेल्यांना मोकळी जागा दिसली. "इथं भिंत होती कशावरून?" असं विचारलं. मोबाईलमध्ये गौरी-गणपतीचे फोटो निघाले, मागं ती भिंत दिसत होती. तेच चिकटवून दिले. तुमच्याकडंही लग्नाचे, बारशाचे असे फोटो असतील बघा, घर धडधाकट असतानाचे.

आणखी एक अडचण आमची अजून सुटलेली नाही. घर एक, चुली तीन. तिन्ही भावांची रेशनकार्डं वेगळी, पण नमुना ८ वर नाव अजून आजोबांचंच. मदत एका घराला एकदा. आता १,२०,००० तिघांत वाटायचे म्हणजे एकेकाला ४०,०००. त्यात खोली तरी होते का कुणाची?

उजनी_बॅकवॉटर | ९ नोव्हेंबर, रात्री ११.१०

ताई, ज्यांच्या खोल्या वेगळ्या, दारं वेगळी, वीजमीटर वेगळे, त्यांनी ग्रामपंचायतीत नोंदी वेगळ्या करून घ्यायला हव्या होत्या, हे आता म्हणून उपयोग नाही. या पुरासाठी तिघांच्या संमतीनं एकाच्या खात्यावर रक्कम घ्या. पण वारसनोंद आणि वाटणीची नोंद आत्ताच सुरू करा. घरकुलाच्या यादीत तिन्ही कुटुंबं स्वतंत्रपणे जाऊ शकतात आणि तिथं ही नोंद लागते.

गवंडीकाम_बार्शी | १० नोव्हेंबर, सकाळी ६.१५

राम राम. दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. एकोणीस वर्षं हेच काम करतोय, घरकुलंच शंभराच्या वर केलीत.

घरकुलाला कमीत कमी २५ चौरस मीटर लागतं, म्हणजे २६९ चौरस फूट. दोन खोल्या धरा, साडेतेरा बाय वीस. आमच्याकडच्या आजच्या भावानं हिशोब मांडतो, तुमच्याकडं थोडं इकडंतिकडं होईल. सिमेंट ११० पोती, ३६० नं ३९,६००. सळई ७०० किलो, ५८ नं ४०,६००. सहा इंची ब्लॉक ८००, चाळीसनं ३२,०००. वाळू न्‌ क्रशसँड मिळून ८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), ४०,०००. खडी ६ ब्रास, २१,०००. जोत्यात भरायला मुरूम ८ ब्रास, ७,०००. पायाचा डबर १०,०००. दारं-खिडक्या २८,०००. लाईट-नळ १२,०००. खोदाई ५,०००. मजुरी ७५,०००. बेरीज करा, ३,१०,००० च्या वर जातं. संडास यात नाही.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ चा १८ टक्के झाला, तेवढा फरक या भावात आलाय. पण पुरानंतर सगळीकडं एकदम कामं निघाली आणि गवंडी मिळंना झाले, त्यामुळं सिमेंटात वाचलेलं मजुरीत गेलं.

१,२०,००० त काय होतं म्हणाल तर पाया, जोतं आणि भिंती खिडकीच्या वर लिंटेलपर्यंत. तिथं काम थांबतं. आमच्या भागात लिंटेलला थांबलेली, आत बाभळी उगवलेली घरं मी दाखवतो तुम्हाला. एक चूक सगळेच करतात. पैसे आलेत म्हणून पाया सहाशे फुटाचा धरतात. पुढं पोरं वाढतील, परत कधी व्हायचं, असं म्हणत. सगळा पैसा जमिनीखाली जातो. पाया २६९ चाच धरा, एका बाजूच्या कॉलमाला सळईची टोकं बाहेर सोडा, त्यावर सिमेंटचा लेप द्या म्हणजे गंजत नाहीत. पुढची खोली दहा वर्षांनी जोडता येते.

सीनाकाठ | १० नोव्हेंबर, सकाळी ७.३०

दादा, हिशोबाबद्दल फार आभार. वहीत उतरवून घेतला. पत्रा टाकला तर किती वाचेल? आणि आमची जमीन काळी आहे, चार एकर, ती बागायत असल्यामुळं घरकुलाच्या निकषात मी बसत नाही असं ग्रामपंचायतीत सांगितलं. ऊस तर सगळा गाळात गेला.

गवंडीकाम_बार्शी | १० नोव्हेंबर, सकाळी ८.००

पत्र्यानं लई वाचतं असं वाटतं, पण तसं नाही मालक. स्लॅबला २५ पोती सिमेंट, २४० किलो सळई, वर सेंट्रिंग न्‌ मजुरी, पंचावन्न हजाराच्या आसपास. पत्रा, पाईप, वेल्डिंग पस्तीस हजार. वाचले वीस. आणि एप्रिल-मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली म्हातारं माणूस दुपार काढू शकत नाही. माळवदात तुम्हाला पंखा लागत नव्हता, आठवा. तरी पैसे नसतील तर पत्रा टाका, फक्त भिंतीवर चौफेर काँक्रीटचा पट्टा घालून मग टाका, म्हणजे पुढं स्लॅब घेता येतो.

वाचतं कुठं ते सांगतो. तुमच्या त्या पडलेल्या घरात पैसा पडलाय. काळा दगड आहे ना, तो पायाला वापरा, डबराचे १०,००० वाचले. सागवानी तुळया कुणी व्यापारी मागायला येईल, पडत्या भावात देऊ नका. सुताराकडून चौकटी करून घ्या, दारं-खिडक्यांचे निम्मे तरी वाचतील. पांढरी माती शेतात टाका, वाहून गेलेल्या रानाला तिच्यासारखं खत नाही. मुरूम भरायला, पाणी मारायला घरची माणसं लावा. एवढं केलं तर ३,१० चं २,६५-२,७० वर येतं. त्याखाली मी तरी आणू शकत नाही, खोटं कशाला सांगू.

काळ्या रानात पाया मुरूम लागेपर्यंत न्यायचा, पाच-सहा फूट तरी. उन्हाळ्यात काळी आकसते, पावसाळ्यात फुगते, वर केलेला पाया दोन वर्षांत भिंतीला चिरा देतो. इथं पैसे वाचवायचे नाहीत.

मंगळवेढ्याची_ज्वारी | १० नोव्हेंबर, दुपारी १.१५

घरकुलाबद्दल थोडं. निकषात अडीच एकर किंवा त्याहून जास्त बागायत, नाहीतर पाच एकर किंवा त्याहून जास्त जिरायत असली की नाव वगळलं जातं. जे बसतात त्यांना १,२०,००० अनुदान, रोजगार हमीचे ९० दिवस म्हणजे ३१२ रुपयांनी २८,०८०, संडासाचे १२,०००, आणि या वर्षीपासून राज्याचे ५०,०००, त्यातले १५,००० छतावरच्या सौर पॅनलचे. सगळं मिळून २,१०,०८०. शिवाय पाच ब्रास वाळू मोफत. म्हणजे बार्शीच्या दादांचा हिशोब धरला तर घरकुलवाल्यांचंही जमत नाहीच, पण निदान जवळ जातं. पूर्ण पडलेल्या घराच्या मदतीचा आकडा आणि घरकुलाचा मूळ आकडा एकच, १,२०,०००. घरकुलाचा तो आकडा २०१६ मध्ये ठरला. तेव्हा सळई, वाळू, मजुरी कुठं होती आणि आज कुठं आहे, ज्यानं एक खोली बांधलीय त्याला विचारा.

मी शिक्षक होतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही काही जण मदतीला गेलो होतो. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, अगदी आपल्यासारखीच घरं. तिथं नंतर घराचा आकार जमिनीवरून ठरला होता. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. लहान शेतकऱ्याला ते फार टोचलं, कारण घर मोडलं तेव्हा भिंतींनी कुणाचा सातबारा पाहिला नव्हता. पण एक गोष्ट तिथं चांगली होती. पूर्ण पडलेली गावं, जागेवर पुन्हा बांधायची घरं आणि मजबुतीकरण करून टिकवायची घरं असे वेगवेगळे गट होते. मोडलेल्या पण न पडलेल्या घरासाठीही काहीतरी जागा होती. आपल्या आजच्या निकषात तीच जागा नाही.

पुणेकर_मूळचा_अक्कलकोट | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६.४५

सगळ्यांच्या दुःखाबद्दल आदर ठेवून एक मुद्दा मांडतो. निकषांमधली रक्कम ही मदत आहे, नुकसानभरपाई नाही, असं शासन नेहमीच स्पष्ट करत आलं आहे. घर बांधून देण्याचा तो खर्च नाहीच, तातडीचा हात आहे. ऑक्टोबरमध्ये राज्यानं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. लाखो घरं-शेतं असताना प्रत्येकाला बांधकामाचा पूर्ण खर्च कुठून द्यायचा? घराचा विमा काढण्याची सवय लावायला हवी असं मला मनापासून वाटतं.

चादरगल्ली | १० नोव्हेंबर, रात्री ८.२०

दादा, मदत आणि भरपाई वेगळी, हे मान्य. पण मग ती मदत तरी पडलेल्या घराला पोचली पाहिजे ना. इथं पैसे कमी की जास्त यावर कुणी भांडत नाहीये. सीनाकाठदादांचं घर पडलंय आणि कागदावर ते उभं आहे, एवढंच म्हणणं आहे. आणि मातीच्या घराचा विमा कोण उतरवतं, तेही कुणाला माहीत असेल तर इथं लिहा, मी उद्या माहेरी कळवते.

सीनाकाठ | १० नोव्हेंबर, रात्री ९.५०

पुणेकर दादा, तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय, राग नाही. मला घर बांधून द्या असं मी म्हणत नाही. दोन लाख मी कसेही उभे करीन, म्हैस विकीन, सोसायटीचं कर्ज काढीन. पण ४,००० घेऊन मी सुरुवातच करू शकत नाही आणि १,२०,००० घेऊन करू शकतो. हा फरक माझ्यासाठी आकड्याचा नाही, आईला गोठ्यातून बाहेर काढायचा आहे.

आज आम्ही बारा जणांनी बारा अर्ज दिले. उजनीच्या काकांनी सांगितलं तसंच लिहिलं, तारखांसकट. पोच घेतली. एका म्हातारीला तारीख आठवत नव्हती. तिच्या नातवानं भिंत पडल्यावर लगेच मामाला फोन केला होता, त्या फोनच्या नोंदीवरून तारीख काढली.

उजनी_बॅकवॉटर | १० नोव्हेंबर, रात्री १०.३०

शाब्बास. आता माळवद पूर ओसरल्यावर का पडतं ते स्थळपाहणीला आलेल्यांना समजावून सांगा, कारण नवीन पिढीच्या अभियंत्यांनी माळवद पाहिलेलं असतंच असं नाही. भिंत पाण्यात असते तेव्हा बाहेरून आणि आतून पाण्याचा दाब सारखा असतो, भिंत उभी राहते. आतली माती मात्र लगद्यासारखी होते. पाणी उतरलं की एक बाजूचा आधार जातो. वरून ऊन लागतं, बाहेरची कड वाळून आकसते आणि गाभा ओलाच राहतो. वर माळवदाचं वजन आहेच, त्यात पावसानं भिजलेली माती. भिंत मधे फुगते आणि एका पहाटे बसते. म्हणजे आठव्या दिवशी पडलेली भिंत पुरानंच पाडली. हे वाक्य तुमच्या जबाबात असू द्या.

आणखी एक. त्याच जागी बांधायचं ठरवण्याआधी पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. जलसंपदा विभागाकडं नकाशे असतात. जागा निळ्या रेषेच्या आत असेल तर तिथं पुन्हा पैसा घालू नका, गावठाणात वरच्या अंगाला जागा मिळते का ते आधी बघा.

सीनाकाठ | १९ नोव्हेंबर २०२५, रात्री ८.४०

मंडळी, खबर द्यायची राहिली होती. परवा पाहणीला आले, सोबत बांधकामाचे अभियंते होते. तरुण होते, पण नीट ऐकून घेतलं. बारापैकी नऊ घरं आत जाऊन, बाहेरून फिरून पाहिली. माझ्या घराची मधली भिंत टेपनं मोजली, चिरेत पट्टी घालून फोटो काढला आणि "राहण्यास धोकादायक, दुरुस्तीयोग्य नाही" असं माझ्यासमोर लिहिलं. अजून यादी बदललेली नाही, पैसेही आलेले नाहीत. तीन घरांचं काय होईल सांगता येत नाही. त्यांच्या दोनच भिंती गेल्यात आणि पुढच्या दोन ताठ उभ्या आहेत. त्या तिघांनी काय करावं, काका?

उजनी_बॅकवॉटर | १९ नोव्हेंबर, रात्री ९.१५

त्यांच्या उभ्या भिंतींची जाडी, फुगवटा आणि ओल मोजून घ्या. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडा आणि भिंत किती इंच बाहेर गेलीय ते लिहा, तारखेसह. दर आठ दिवसांनी पुन्हा. महिन्यात आकडा वाढत गेला तर दुसरा पुरावा लागत नाही. आणि तोवर त्या भिंतीच्या सावलीतसुद्धा कुणाला बसू देऊ नका.

गवंडीकाम_बार्शी | १९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

रविवारी मी मोकळा आहे. ओळंबा न्‌ लेव्हलची नळी घेऊन येतो, मजुरी नको. तिन्ही घरांची मापं घेऊ. सीनाकाठ मालक, तुमच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत असेल तर तिथं खिळा मारून ठेवा, घर उतरवायच्या आधी. नळीनं ती उंची शेजारच्या लिंबाच्या खोडावर घेतो. नव्या घराचं जोतं किती उचलायचं ते त्या खुणेवरून ठरवू.

सीनाकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री ९.५५

रेघ आहे. आईच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर, देवळीच्या जरा वर. उद्या सकाळीच बाहेरून खिळा मारतो. रविवारी जेवायला आमच्याकडंच या दादा, गोठ्यात चूल आहे.